बुडाला पॉलिश पेपर

“आधी उलटी करा,” मी म्हणालो आणि केळकर साहेबांचा चेहरा पडला. ते मला फुलदाणीचा गळा दाखवत होते.

मी निवृत्त सिरॅमिक केमिस्ट. भांड्यांवर ग्लेझ, म्हणजे काचेचा लेप, चढवण्यात उभी हयात गेली. आता जबलपूरचे हौशी लोक जुन्या वस्तू तपासायला बोलावतात. केळकर साहेब डिफेन्स फॅक्टरीतले माजी स्टोअर्स ऑफिसर. जबलपुरातल्याच गोरखपूर भागात घर, शोकेसमध्ये पाच सेलेडॉन फुलदाण्या. सेलेडॉन म्हणजे जुनी हिरवट चिनी भांडी. लेपात चिमूटभर लोह असतं, भट्टीत हवा कमी ठेवतात, म्हणून तो रंग येतो. संग्राहक मात्र त्याला जेड म्हणतात आणि देवघरात बोलावं तसं हळू बोलतात.

एक संग्रहालय त्यांची एक फुलदाणी ठेवून घ्यायला तयार होतं. शेजारी साहेबांच्या नावाची पाटी लागणार होती. साहेबांचा सगळा जीव त्या पाटीत. अट एकच, माझं सर्टिफिकेट.

चार फुलदाण्या दिल्लीहून घेतलेल्या. चारही नकली, गुळगुळीत, प्रत्येकीच्या बुडाला पांढऱ्या ऑइल पेंटने नंबर. स्टोअर्सची सवय घरापर्यंत आली होती. नकली आहेत म्हटलं, तर साहेब म्हणाले की दुकानदार फार सज्जन होता, चहा पाजला त्याने.

पाचवी केळकर वहिनींच्या माहेरची. त्यांच्या पणजोबांनी पलटणीत असताना चीनहून आणलेली. भिंगातून लेपातले बुडबुडे पाहिले, जुन्या लेपात असतात तसेच, आणि मी हरखलो. पण खरा पुरावा बुडाच्या कडेला असतो. तिथे लेप नसतो. उघडी माती भट्टीत तांबूस होते, वर वर्षानुवर्षांचा मळ बसतो. मी ती उलटी केली. बूड पांढरंफटक, घासलेलं, वर नंबर पाच.

“काहून असे पाहून राहिले?” साहेबांनी विचारलं. “खाली खडबडीत होतं, पेंट पकडत नव्हता. मी स्वतः पॉलिश पेपर मारला. पूरे तीन दिवस.”

“मी म्हटलं होतं, राहू द्या,” वहिनी म्हणाल्या. “तर म्हणे, कबाड दिसून राहिलं.”

मला राग आला आणि वाईटही वाटलं. मी लिहून दिलं: जुनी असावी, पुरावा उरलेला नाही. संग्रहालयाने आठवड्यात नकार कळवला.

साहेबांचा लगेच फोन. “जोशीजी, मग दिल्लीवाली चालेल का? ती तर एकदम साफ आहे.”

संग्राहकाला वस्तू जुनीच हवी असते. फक्त तिचं जुनेपण त्याला घाण वाटतं.