पाटलाचा सांगावा

आमच्या गावचा दवंडीवाला स्वतःच्या मनाने कधी एक शब्द बोलत नसे. डफडं वाजवायचं, “पाटलाचा सांगावा हाये होऽऽ!” असं ओरडायचं आणि कानावर घातलेलं जसंच्या तसं सांगायचं. कोणी जास्त विचारलं तर म्हणे, “मी निरा तोंड हावो जी, डोस्कं पाटलाचं.” तो महारवाड्यात राहायचा. आमच्या अंगणाबाहेर उभा राही, पण गाव घड्याळासारखं त्याच्यावर चाले.

लोकल बोर्डाची निवडणूक आली. मत फक्त शेतसारा भरणाऱ्यांना, आणि पाटलाचा साळाच उभा. आदल्या दिवशी दवंडी झाली, “मतं आठ दिवस पुढं गेले होऽऽ!” लोक कापूस वेचायला गेले. पाटलाची माणसं मात्र बैलगाड्या जुंपून मतदानाच्या गावी, रिठदला, मतं टाकून आली. साळा निवडून आला.

लोक दवंडीवाल्यावर धावले. “कायले खोटं बोल्ला रे?”

“पाटलानं सांगतलं तेच बोल्लो जी.”

“पाटील तं म्हणते, मी काईच सांगतलं नाही.”

पाटलाला पुन्हा विचारायला कोणी गेलं नाही. माझे वडीलही नाहीत. तेव्हापासून त्याचं डफडं वाजलं की पोरंसुद्धा हसायची.

पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. आमच्या विहिरीला लागून असलेल्या नाल्यात पटकीने मेलेल्याचं अंथरूण कोणीतरी धुतलं. दवंडीवाल्याने ते पाहिलं. पाटील म्हणाला, उगाच घबराट नको. मग दवंडीवाला पहिल्यांदाच कोणी न सांगता डफडं घेऊन निघाला. “माहा सांगावा हाये होऽऽ! इहिरीचं पाणी नोका पिऊ! म्या सोता पाह्यलं!”

माझी आई घागर घेऊन निघालीच होती. म्हणाली, “का रे, पटकीबी आठ दिवस पुढं गेली का?” बाया खूप हसल्या. आई पाणी भरून आली, प्याली आणि दुसऱ्या दिवशी गेली. मी तेव्हा मामाच्या गावी होते. लोक तिला स्मशानात न्यायला निघाले तेव्हा मी पोचले.

त्याच दिवशी दवंडीवाला विहिरीच्या ओट्यावर चढला. त्याच्या लोकांना तिथे पाय ठेवायची मनाई होती. त्याने सगळ्यांदेखत पोहरा सोडला, वर ओढला आणि हात बुडवून पाणी परत विहिरीत ओतलं.

विहीर बाटली. गावाने त्याला काठ्यांनी मारलं. त्यात माझे वडीलही होते, आईची राख अजून गरम असताना.

मारणारे गेल्यावर मी जवळ गेले. तो नाल्याकडेला पडला होता. मला पाहून म्हणाला, “तुवा पाणी पेलं तं नाही ना, माय?”

मी मानेनेच नाही म्हटलं. त्याने डोळे मिटले. तो पुन्हा उठला नाही.

बाया तोंडाने त्याला शिव्या देत लांबच्या नदीवरून पाणी आणू लागल्या. गावात पटकीने आणखी कोणी मेलं नाही. त्याच्या शब्दावर कोणाचा विश्वास उरला नव्हता. त्याच्या विटाळावर मात्र सगळ्यांचा होता, म्हणून आम्ही जगलो.