अस्वल ज्याला दिसेल त्याचं

"मग सरळ म्हण ना, की मी आंधळा झालोय!" मानासेनं हातातला बूट भिरकावला. तो दाराजवळच्या पाण्याच्या पिंपावर आपटला आणि बाहेर बांधलेले कुत्रे एकदम भुंकायला लागले.

"आंधळा म्हटलं नाही मी," थोमासिने म्हणाली. "मी म्हटलं, जाऊ नकोस."

"का पण? कारण सांग."

"तुला माहितीय."

"मला काही माहीत नाही. आई, तुला माहितीय का गं?"

त्याची आई आबेलोने खिडकीत बसून सीलचं हाड चोखत होती. तिनं हाड काही खाली ठेवलं नाही. "तिला वाऱ्याचीसुद्धा भीती वाटते," ती म्हणाली. "लग्न होऊन आली तेव्हापासून बघतेय. तू जा."

"बघ! आईसुद्धा म्हणते."

"आईंनी एकदा तरी तुझ्याबरोबर बर्फावर यावं, मग म्हणावं," थोमासिने पुटपुटली.

"काय म्हणालीस?"

"काही नाही. सूप गार होतंय म्हणाले."

खिडकीबाहेर, खाडीच्या तोंडाशी, ते जहाज उभं होतं. लहानसंच, निळ्या पोटाचं. उन्हाळ्यात बर्फ फुटून पाण्याला वाट मिळाली, की असली एक-दोन जहाजं गावात यायची. लाल जॅकेटातली पाहुणेमंडळी उतरायची, कुत्र्यांचे फोटो काढायची आणि निघून जायची. हे जहाज मात्र पुढे निघालं होतं. आत खोल, जिथे आता कुणीच राहत नाही त्या किनाऱ्यानं. त्यासाठी त्यांना गावातली माणसं हवी होती. जुन्या वस्तीच्या गोष्टी सांगायला एक बाई, आणि पाहुणे जमिनीवर उतरले की बंदूक घेऊन अस्वलावर नजर ठेवायला एक शिकारी. मुलगी पिपालुक गावच्या दुकानात कामाला होती, तिला इंग्रजी येत होतं. तिनंच हे सगळं जुळवून आणलं होतं, आणि बोलणं समजावून सांगायला तीही बरोबर जाणार होती.

"बाबांनी फक्त टेकाडावर उभं राहायचंय, आई," पिपालुक म्हणाली. "बाबांना काय अस्वलं नवीन आहेत? आख्ख्या गावात एवढी अस्वलं कुणी पाहिलीत?"

गावाचं म्हणणं तेच होतं. मानासेएवढी अस्वलं कुणालाच दिसत नाहीत.

थोमासिने जुन्या वस्तीत जन्मली, त्याच आतल्या किनाऱ्यावर. ती पोर असताना एकदा थंडीत अस्वल घराच्या खिडकीतून अर्धं आत आलं होतं. बापानं गोळी घातली तेव्हा त्याचा एक पंजा तिच्या अंथरुणावर होता. तेव्हापासून तिची नजर कुठे ठरत नाही. चालताना, पाणी आणताना, कातडं ताणून खिळे मारताना ती मधूनच मान वर करते आणि सगळीकडे पाहून घेते. गावातल्या बायका तिला हसतात. "भित्री थोमासिने, किती अस्वलं आली गं आज?" तीही हसते, आणि हसता हसता पुन्हा एकदा मागे वळून बघते. तिचं शिवणकाम चांगलं. मानासेची अस्वलाच्या कातड्याची विजार तिच्या हातची आहे, आणि तिची शिवण आजवर उसवलेली नाही. तिला दोन मुलं झाली, त्यातला मुलगा दक्षिणेला कारखान्यात गेला आणि तिकडचाच झाला. बाकी तिच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलं नव्हतं. तिचीही तीच इच्छा होती.

त्या मुलखात अस्वल मारणाऱ्याचं नसतं. ज्याला ते पहिल्यांदा दिसलं, त्याचं असतं. गोळी कुणीही घालो, कातडं आणि नाव पाहणाऱ्याला मिळतं. अस्वल निसटलं तरी गावात पहिला प्रश्न तोच असतो, पहिल्यांदा कुणी पाहिलं?

काही वर्षांपूर्वी एका थंडीत मानासे कुत्र्यांची घसरगाडी हाकत एका अस्वलाच्या अगदी जवळून निघून गेला होता. मागे बसलेल्या थोमासिनेनं ते पाहिलं. तिला वाटलं, ह्यानंही पाहिलं असेल. पण तो शीळ घालत पुढेच चालला होता. तिनं ओरडावं, तर अस्वल तिचं होतं आणि मानासेचं गावात हसं होतं. तिनं हळूच त्याच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. तो थांबला, डावीकडे वळून बराच वेळ बघत राहिला, आणि मग ओरडला, "अस्वल!"

त्यानंतर तसंच चालू राहिलं. डाव्या खांद्यावर हात, उजव्या खांद्यावर हात. दोघांत त्याविषयी कधी एक शब्द झाला नाही. मानासे हल्ली दुर्बीण डोळ्याला लावायचा, पण नीट दिसण्यासाठी तिचं चाक फिरवत नव्हता. एकदा पाण्यातल्या बर्फाच्या ढेकळाला सील समजून त्यानं गोळी झाडली होती आणि "निसटला साला" म्हणाला होता. तीही "निसटला" म्हणाली होती.

पण घसरगाडीवर खांदा हाताशी असतो. टेकाडावर उभ्या माणसाचा खांदा कुणी गाठायचा?

त्या जहाजावरची प्रमुख रान्हिल, नॉर्वेची उंच बाई, तिनं निघण्याआधी गावच्या किनाऱ्यावर नेमबाजीची चाचणी घेतली. मानासेनं पहिल्याच गोळीत तेलाचं जुनं पिंप टिपलं. ते पिंप तो लहान असल्यापासून तिथेच होतं, डोळे मिटूनही त्याला सापडलं असतं. रान्हिल खूश झाली आणि तिनं बंदूक थोमासिनेच्या हातात दिली. "तुम्हीही एकदा मारून बघा," पिपालुकनं सांगितलं. थोमासिनेचे हात थरथरत होते. गोळी पिंपाला लागली.

"भीतीनं नेम लागला तिचा!" मानासे म्हणाला, आणि सगळे हसले.

गोष्टी सांगायचं काम घेऊन ती जहाजावर गेली ती एवढ्याच विचारानं, की कसंही करून आपण त्याच्या जवळपास राहायचं.

दुसऱ्या दिवशी रबरी होड्या तिच्या जन्मगावीच लागल्या. घरं केव्हाच कोसळली होती. दगडांचे चौथरे आणि त्यात उगवलेलं लालभडक झालेलं खुरटं रान, एवढंच उरलं होतं. आधी रान्हिल उतरली. मग मानासे बंदूक खांद्याला अडकवून घरांमागच्या टेकाडावर चढला आणि पाय रोवून उभा राहिला. खालून तो चांगलाच रुबाबदार दिसत होता. पाहुण्यांनी लगेच त्याचे फोटो काढले. थोमासिनेनं त्या टेकाडाची उंची नजरेनं मोजली. बंदुकीपर्यंत पोचायला तिला केवढा तरी चढ चढावा लागणार होता.

"सांग ना आई," पिपालुक म्हणाली. "ते थांबलेत."

ती आपल्या घराच्या दारात उभी राहिली, म्हणजे जिथे दार होतं तिथे, आणि खिडकीतल्या अस्वलाची गोष्ट सांगायला लागली. पिपालुक तिचं इंग्रजी करत होती. पंजा अंथरुणावर आला तिथे पाहुणे हसले. थोमासिनेही हसली, आणि सवयीनं मान वर करून तिनं सगळीकडे नजर फिरवली.

टेकाडाच्या डाव्या अंगाला, दगडांमध्ये, एक दगड जास्तीचा होता.

मघाशी तो नव्हता. बर्फ पांढरा असतो, अस्वल नेहमी जरा पिवळट. मानासेचं तोंड त्याच दिशेला होतं. तो थेट त्याच्याकडेच बघत होता. थोमासिने वाट बघू लागली. आता तो ओरडेल. आत्ता ओरडेल. मानासेनं नाक पुसलं आणि पुन्हा तसाच उभा राहिला.

तिचा हात वर आला होता. हवेत, खांद्याच्या उंचीवर. तिथे खांदा नव्हता.

तिनं ओरडायला हवं होतं. कुणीही ओरडलं असतं. पण इतक्या वर्षांत तिची जीभ त्या शब्दाला वळेनाशीच झाली होती. तो शब्द मानासेचा होता. ती टेकाड चढायला लागली.

"आई, कुठे चाललीस? गोष्ट अर्धी राहिली!"

"आलेच," ती म्हणाली. पळायचं नाही, एवढंच तिनं स्वतःला बजावलं, अस्वलासमोर पळायचं नसतं. पायांखाली दगड सुटत होते. वर बघावं तर मानासे, डावीकडे बघावं तर तो पिवळा दगड उठून उभा राहिलेला, नाक वर करून वास घेत असलेला. मग तो मानासेच्या डावीकडच्या घळीत उतरला आणि दिसेनासा झाला. दिसत होता तोवरच बरं होतं, असं तिला वाटलं.

ती धापा टाकत वर पोचली आणि तिनं मानासेच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला.

तो दचकला नाही. तिच्याकडे त्यानं वळूनही बघितलं नाही. डावीकडे वळला आणि खणखणीत आवाजात ओरडला, "अस्वल!"

खाली एकच गलका झाला. मानासेनं बंदूक खांद्याला टेकवली आणि नेम धरला. नळीच्या रेषेत थोमासिनेनं पाहिलं. घळीच्या अलीकडे, खुरट्या झुडपांत, काहीतरी फिकट, वाकलेलं, हलत होतं. ती पाहुण्यांतली एक बाई होती. उकडायला लागलं म्हणून तिनं लाल जॅकेट काढून कमरेला बांधलं होतं. आत दुधी रंगाचा लोकरी स्वेटर. ती वाकून काळी बोरं तोडत होती.

थोमासिनेनं दोन्ही हातांनी नळीवर फटका मारला. गोळी सुटली. समोरच्या दगडाचा टवका उडाला आणि आवाज सगळ्या खाडीभर फिरून परत आला.

त्याच क्षणी रान्हिलनं खालून धूर आणि आवाज करणारी गोळी हवेत सोडली. घळीतून अस्वल बाहेर पडलं. त्या बाईच्या इतकं जवळ, की त्याच्या पाठीवरचे ओले केस थोमासिनेला दिसले. बाई बोरं हातात धरून जागच्या जागी खिळली. अस्वलानं एकदा तिच्याकडे, एकदा धुराकडे पाहिलं, मग वळलं आणि पाण्यात उतरून पोहत निघून गेलं.

पुढचं सगळं थोमासिनेला दुरून ऐकू येत असल्यासारखं वाटलं. कुणी रडत होतं. कुणी टाळ्या वाजवत होतं. रान्हिल धावत वर आली.

"ती विचारतेय, गोळी तुम्ही मुद्दाम दगडावर मारलीत ना, बाबा?" पिपालुक म्हणाली. "अस्वलाला घाबरवायला?"

मानासेनं ओठ चाटले. "हो म्हण."

स्वेटरवाली बाई वर आली, मानासेच्या गळ्यात पडली आणि हुंदके देत काहीतरी बोलली. पिपालुकनं सांगितलं, ती म्हणते, तुमच्यामुळे मी जिवंत आहे. मानासे हात खाली सोडून तसाच उभा राहिला. त्या बाईच्या खांद्यावरून त्यानं थोमासिनेकडे पाहिलं, म्हणजे ती जिथे असेल असं वाटलं तिकडे.

परतीच्या होडीत तो तिच्याशेजारी बसला. इंजिनच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही इतकं हळू त्यानं विचारलं, "मी बंदूक कशावर धरली होती?"

"तिच्यावर."

"कुणावर?"

"गळ्यात पडली ना तुझ्या. तिच्यावर."

त्यानं बंदूक तिच्या बाजूला सरकवली. ती इतकी वर्षं त्याच्याबरोबर बर्फावर गेली होती, पण त्यानं बंदूक हातावेगळी केलेली तिनं पहिल्यांदाच पाहिली. तिच्या अंगातली भीती मात्र अजून उतरायची होती. डोळे मिटले की नळी दिसे आणि नळीपुढे तो दुधी स्वेटर.

जहाज पाणी भरायला गावाशी परत आलं. उद्या सकाळी पुन्हा निघायचं होतं, खाडीच्या आणखी आतल्या फाट्यांत. पिपालुक दारातून आत येता येताच सांगत सुटली. आबेलोनेनं सगळं ऐकून घेतलं, तोंडातलं हाड बाहेर काढलं आणि विचारलं, "पहिल्यांदा कुणी पाहिलं?"

"बाबांनी! बाबाच ओरडले ना. अगं आजी, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"मग! माझ्या मुलाची नजर आहे ती. आणि ही? ही कुठे लपली होती?"

थोमासिने चुलीपाशी पातेल्यात डाव फिरवत होती. ती थांबली. मानासे कोपऱ्यातल्या बाकावर बसून बूट काढत होता, त्यांचे बंद चाचपडत सोडवत होता. त्यानं मान वर केली नाही. तिनं जरा वेळ वाट पाहिली, आज तरी तो स्वतःहून बोलेल म्हणून. त्यानं दुसऱ्या बुटाला हात घातला.

"मी पाहिलं," ती म्हणाली.

"काय?"

"अस्वल मी पाहिलं. आधीचीही मीच पाहिली. ह्याच्या खांद्यावर हात ठेवून दाखवली. ह्याला दिसत नाही, आई. आज ह्यानं त्या बाईवर नेम धरला होता. मी नळी खाली मारली म्हणून ती घरी जाईल."

आबेलोने मुलाकडे वळली. "खोटं बोलतेय ना रे ही?"

मानासेनं दुसरा बूट काढून पहिल्याशेजारी ठेवला. "नाही," तो म्हणाला.

थोमासिनेनं डाव घेऊन सूप वाढायला घेतलं, पहिलं सासूला, मग मानासेला. त्याच्या पुढ्यात वाडगा ठेवून तिनं त्याचा हात धरून वाडग्यावर नेला, उघड उघड, सगळ्यांसमोर.

"रान्हिलला मी होडीतून उतरताना सगळं सांगून आलेय," ती म्हणाली. "मला इंग्रजी येत नाही, हातवारे करून सांगितलं, पण तिला कळलं. उद्यापासून टेकाडावर बंदूक घेऊन मी उभी राहणार. मानासे खाली पाहुण्यांपाशी बसून गोष्टी सांगेल, त्याला माझ्यापेक्षा जास्त येतात. आणि पुढच्या विमानानं तो डोळे दाखवायला जाणार. पिपालुक, मीठ दे."