बांगड्यावालीची काळी पाटी

ये, जवळ बस. महिना झाला तुझा फोन नाही, जराशी लाज वाटू दे! आता ऐक.

गारपिटीनं आमच्या बचत गटातल्या बारा बायांच्या संत्र्याच्या बागा झोडपल्या. नुकसानीचे फोटो पाच वाजेच्या आत भरपाईच्या साइटवर चढवायचे, अन् साइट म्हणे फोटो मोठे आहेत. अकोल्याहून अमरावतीच्या एसटीत मी रडकुंडीला आली होती.

शेजारी बुरख्यातली एक बांगड्यावाली. तिच्या मोबाइलवर नुसती काळी पाटी अन् पांढरी अक्षरं.

"मावशी, हे लिनक्सचं टर्मिनल. याले लिहून हुकूम द्यावा लागते. पाठवा फोटो इकडं."

हातातल्या बांगड्या कोपराकडं सारून तिनं एक ओळ लिहिली. फोन म्हणे, असा फोटोच नाही!

मी घाबरली, ती हसत सुटली. "तुमी फोटोले बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव दिलं, मधी जागा सोडून. हा एकाचे तीन समजते. नवऱ्याले वेगळा शोधून राहिला!"

"माहावाला नवरा पारावर असते म्हणा त्याले!" मागची बाई ओरडली. कंडक्टरसुद्धा पोट धरून हसला.

तिनं नावांले अवतरणचिन्हं लावली. बाराही फोटो एका दमात लहान झाले, मूर्तिजापूर यायच्या आत साइटवर चढलेही.

"कोणी शिकवलं वो तुले?"

"कोणी नाही. बांगडी अडली तर आपण हातावर रागवत नाही, पुन्हा हळूच सारतो. तसंच."

बाराही बायांच्या नावची पोच आली, अन् त्या खुशीत मी तिचं नाव विचारायचंच विसरली.

बागेनं पुन्हा बहार धरला आहे. फळं झाडावर आहेत तोवर पुन्हा ये बापा, लवकर ये.