न मेलेला भुंगेरा

बाबाराव हे नागपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. मूळचे जवळच्या कुही गावाकडचे. दर रविवारी सायकलवर जंगल गाठायचे, झाडाची कुजकी सालपटं उलटायचे, किडे डब्यात घालून आणायचे. सोमवारी त्या किड्यांखाली चिठ्ठी लागायची : 'संग्राहक – प्रा. मार्तंड देशकर'. देशकर सरांना काटे बोचत, म्हणून ते जंगलात जात नसत.

१९७४ च्या ऑगस्टमध्ये कॉलेजात प्रदर्शन भरलं. सरांनी एका फळीवर चार फुलपाखरं आणि एक शिंगवाला काळा भुंगेरा लावायचं ठरवलं. किडे मारायच्या इथरच्या बरणीतून भुंगेरा त्यांनी घाईनेच काढला.

"सर, हा मेला नाही अजून. पाय हलवून राहिला."

"बाबाराव, प्राध्यापक कोण? तुम्ही का मी?"

"तुम्हीच, सर. पण त्याले हे माहीत नाही ना."

सरांनी टाचणी खुपसली.

प्रमुख पाहुण्या होत्या धरमपेठेतल्या महिला मंडळाच्या अध्यक्षा, अरुंधतीबाई. सर रंगात आले. फुलपाखराच्या पंखावर खवले असतात, बोट लागलं तरी झडतात, म्हणून ते नाजूक, संस्कारी. भुंगेऱ्याचे वरचे पंख ढालीसारखे टणक, म्हणून तो जड, मंद, कल्पनाशून्य.

तो कल्पनाशून्य प्राणी तेवढ्यात टाचणीसकट फळीतून सुटला आणि चारी फुलपाखरांवरून सावकाश चालत गेला. मागे नुसती रंगीत भुकटी उरली.

"अहो, हा जिवंत आहे," अरुंधतीबाई म्हणाल्या.

"ही स्नायूंची प्रतिक्षिप्त क्रिया आहे," सर म्हणाले. प्रतिक्षिप्त क्रिया टेबलाच्या कडेला येऊन बाईंच्या पर्सवर चढली.

बाबारावांनी भुंगेरा अलगद उचलला, टाचणी काढली आणि त्याला टोपीत ठेवलं. बाईंनी विचारलं, "हा सापडला कुठे?"

सर खाकरले. बाबाराव म्हणाले, "मी आणला कुहीहून. पडलेल्या मोहाच्या झाडाखाली होता." मग पाऊण तास बाई त्यांच्याशीच बोलत राहिल्या.

चौथ्या दिवशी मेमो आला : नमुना जिवंत राहिल्याबद्दल खुलासा करावा. बाबारावांनी लिहिलं, 'त्याची मरायची इच्छा दिसली नाही.' त्यांची बदली भौतिकशास्त्रात झाली.

घरी बायको बायजाबाईंनी विचारलं, "आता जंगलात कोण जाईन?"

"सर जातीन."

सर गेले नाहीत. पुढची अकरा वर्षं, निवृत्त होईपर्यंत, ते विद्यार्थ्यांना फुलपाखराचे पंख चित्रावरूनच शिकवत होते.