फळीला पुढचं आणि मागचं असतं

सन २००३, नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. कुवेतमध्ये एसी बंद करून खिडक्या उघडायचे दिवस. लोक वाळवंटात तंबू ठोकायला निघाले होते. त्याच आठवड्यात एगैलाच्या मॉलमधल्या आमच्या खेळाच्या दुकानात बर्फावरून घसरायच्या बेचाळीस फळ्या आल्या.

कुवेतमध्ये बर्फ फक्त मासळीच्या खोक्यात असतो. पण इथले पैसेवाले हिवाळ्यात लेबननच्या डोंगरावर जातात, त्याहून पैसेवाले युरोपात. जाण्याआधी फळी घेतात. तिला स्नोबोर्ड म्हणतात. मी फळीच म्हणतो, कारण ती फळीच आहे. मी वेंगुर्ल्याकडचा सुतार, चौथी पास. मागच्या वर्कशॉपमध्ये फळीवर पायाचे पट्टे बसवायचे, कडांना धार लावायची, खालून मेण चढवायचं, हे माझं काम.

रंधा मारला की खाली ढलप्या साचतात. संध्याकाळी झाडल्या तरी दुसऱ्या दिवशी तेवढ्याच. त्या दुकानातल्या गोष्टींचंही तसंच. शहाणी माणसं येत असती तर काहीच साचलं नसतं.

* * *

आधी माझ्या बोटाचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

१९९६ साली मी शुवैखला फर्निचरच्या कारखान्यात होतो. गोल करवतीने उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट जवळजवळ तुटलं, कातडीला लोंबत होतं. हॉस्पिटलात पुण्याचे डॉक्टर खासनीस होते. सहा तास उभं राहून त्यांनी ते जोडलं. दुसरा कोणी असता तर कापून मोकळा झाला असता. सुताराचं ते बोट गेलं की सुतार गेला.

टाके काढायच्या दिवशी मी म्हटलं, तुमच्या घरी एक कपाट करून देतो. ते म्हणाले, कपाट आहे. मी म्हटलं, मी कोणाचं फुकट घेत नाही. तेव्हा हसून म्हणाले, "मेस्त्री, ज्या दिवशी हे बोट आहे हेच विसराल, त्या दिवशी माझी फी द्या."

मी हसलो नाही. बोट रोज आठवायचं. सकाळी कानस धरली की कळ यायची. कळ आली की डॉक्टर आठवायचे आणि देणं आठवायचं.

* * *

फळ्यांबरोबर ऑस्ट्रियाचा एक कारागीर आठ दिवस शिकवायला आला. तो इंग्रजी बोलायचा आणि आमचा सेल्समन निक मला मराठीत सांगायचा. निक म्हणजे डोंबिवलीचा नितीन. विमानात बसताना नितीन होता, उतरताना निक झाला.

कारागीर दहा मिनिटं बोलला की निक दोन शब्द सांगायचा, "नीट लावा." तिसऱ्या दिवशी मी निकला बाहेर काढलं. त्यानंतर कारागीर हाताने दाखवायचा आणि मी हाताने करायचो. वाटेत मोडलेली एक फळी होती, ती मी करवतीने आडवी कापली. आत लाकडाच्या पट्ट्या, सरसाने जोडलेल्या. चोख काम. मी मान हलवली, त्यानेही हलवली.

एक गोष्ट त्याने तीनदा दाखवली. काही फळ्यांची दोन्ही टोकं सारखी असतात. पण डोंगरभर निवांत फिरायची जी फळी, तिचं पुढचं टोक लांब, रुंद आणि मऊ, मागचं आखूड आणि ताठ. ती एकाच दिशेने चालायला केलेली असते. उभं राहायचं तेही मधोमध नाही, थोडं मागे.

ह्यात मला शिकण्यासारखं काही नव्हतं. आमच्याकडे होडीचं नाक कुठलं हे पोराटोरांना कळतं. निकने मात्र आठव्या दिवशी विचारलं, "पण ह्यातलं पुढचं कुठलं?"

* * *

एका गिऱ्हाइकाने फळी निवडली ती गरुडाच्या चित्रासाठी. एकाच दिशेने चालणारी, चांगली फळी. पण चित्र असं होतं की नाक पुढे ठेवलं की गरुड उलटा दिसायचा. साहेबांना गरुड सरळ हवा होता. म्हणजे पट्टे उलटे बसवायचे, शेपूट पुढे.

मी नाही म्हटलं. निक म्हणाला, "कस्टमर म्हणतो ते करायचं, काका." मी त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला. त्यानेच बसवले.

तीन आठवड्यांनी गिऱ्हाईक परत आलं, हात प्लास्टरमध्ये. फळी परत करायला नव्हे. दिवाणखान्याच्या भिंतीवर लावायला खिळे मागायला. भिंतीवर गरुड सरळच हवा होता. तिथे ती फळी एकदाची बरोबर बसली.

* * *

माणसाचा कुठला पाय पुढे राहतो हे आधी कळावं लागतं. विचारलं तर प्रत्येक जण खोटं सांगतो, कारण त्यालाच माहीत नसतं. कारागिराने उपाय दाखवला होता. माणूस बेसावध असताना मागून हलकेच ढकलायचं. जो पाय पुढे पडेल, तो पुढचा.

एकदा पांढऱ्या दिशदाश्यातला, म्हणजे इथल्या पायघोळ झग्यातला, एक धिप्पाड माणूस पाठमोरा उभा होता. निकने सांगितलं होतं, ह्यांचं माप घ्या. मी ढकललं.

तो आमचे मालक अबू फहद यांचा थोरला भाऊ निघाला. निक काउंटरखाली वाकून काहीतरी शोधायला लागला. भाऊ वळला. मी त्याच्या पायाकडे बोट केलं आणि म्हटलं, "डावा."

त्याने आपल्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि निघून गेला. निक म्हणाला, "काका, बॅग भरा."

दुसऱ्या दिवशी भाऊ चार मुलांना घेऊन आला. चौघांना माझ्याकडे पाठ करून ओळीत उभं केलं आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "इनको भी मारो."

* * *

निकचं आणखी एक. तो बर्फाबद्दल असा बोलायचा की जन्मच बर्फात झाला असावा. सकाळचा बर्फ, दुपारचा बर्फ, झाडांमधला बर्फ. एका वर्षी जास्त विक्री झाली म्हणून मालकांनी त्याला चार दिवस लेबननला पाठवलं. दुसऱ्या दिवशी परत आला. विचारलं तर म्हणाला, हवा खराब होती.

नंतर त्याच्याबरोबर गेलेल्याने सांगितलं की हा हॉटेलच्या हीटरजवळून उठलाच नाही. फक्त एकदा फोटो काढायला बाहेर आला.

तो फोटो त्याने मोठा करून काउंटरमागे लावला. मागे डोंगर, हातात फळी, चेहऱ्यावर विजय. फळीचं शेपूट वर होतं आणि नाक बर्फात खुपसलेलं. शेकडो गिऱ्हाइकं त्या फोटोसमोर उभी राहून त्याचा सल्ला ऐकून गेली. एकालाही दिसलं नाही. मीही सांगितलं नाही. मला कोणी विचारलं नव्हतं.

* * *

तुम्ही म्हणाल, तू तरी बर्फ कुठे पाहिलास? नाही पाहिला. पण मी बर्फावर बोललोही नाही.

महबूल्याला आमच्या खोलीत चंदू होता, गावचाच, प्लंबर. एका शुक्रवारी त्याच्या कंपनीचा पिकअप मिळाला. दुकानातली एक टाकाऊ फळी घेऊन आम्ही मुत्ल्याच्या वाळूच्या चढावर गेलो. मी पट्टे आधी मधोमध लावले. चंदू निघाला, दहा हातांवर फळीचं नाक वाळूत रुतलं आणि चंदू तोंडावर. मी पट्टे दोन बोटं मागे घेतले. आता नाक वर राहिलं. चंदू खालपर्यंत गेला आणि तिथून ओरडला, "मेस्त्रीनू, ही फळी नाय, होडी आसा!"

मग त्याला पाणी आणायला पाठवला आणि मी स्वतः चार वेळा उतरलो. वय अठ्ठावन्न. चंदू येईपर्यंत कपडे झाडून बसलो होतो.

* * *

२००७ चा जानेवारी. मी वर्कशॉपमध्ये होतो. बाहेर निकचा आवाज चालू होता, आणि त्यात एक मराठी आवाज. मी दारातून पाहिलं. डॉक्टर खासनीस. केस पिकले होते, जिना चढून आल्यावर माणूस धरतो तसा एक गुडघा धरून उभे होते.

निकने भिंतीवरची सर्वांत महाग फळी काढली होती. लाल, लांब, शर्यतीच्या पोरांची. डॉक्टर सांगत होते की पूर्वी स्कॉटलंडात चार वर्षं नोकरीला असताना थोडं शिकलो होतो, आता हॉस्पिटलातले काही जण लेबननला निघालेत. पण गुडघा एकदा दुखावला आहे. आणखी एकदा गेला, तर तासन् तास उभं राहून ऑपरेशन करणं संपलं. म्हणून सावकाश उतरायचं आहे.

"सर, मग तर हीच," निक म्हणाला. "ही घेतली की तुम्ही सर्वांच्या पुढे."

डॉक्टर म्हणाले, "मला कोणाच्या पुढे जायचं नाहीये हो."

चार हिवाळ्यांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मी बाहेर आलो. निक म्हणाला, "काका, आत जा." मी गेलो नाही. लाल फळी टेबलाच्या दोन कडांवर आडवी ठेवून मध्ये दाबली. वाकली नाही. डॉक्टरांना म्हटलं, ही वाकत नाही, म्हणजे तुमच्या गुडघ्याला वाकावं लागेल.

त्यांनी माझा चेहरा ओळखला नाही. दाबणारा हात पाहिला, मग बोट. "अहो, मेस्त्री!"

भिंतीच्या तळाला एक तपकिरी फळी होती. चित्र नाही म्हणून तीन वर्षं विकली गेली नव्हती. लाल फळीच्या निम्म्या किमतीची. लांब मऊ नाक, मागे पुरेसा ताठपणा, हाताने दाबली की वाकून पुन्हा सरळ. वजनाला बरोबर, बुटाला रुंदी बरोबर. मी ती काढली.

अबू फहद त्या दिवशी दुकानात होते. त्यांनी मला बाजूला घेतलं. मोठं गिऱ्हाईक घालवतोस का, असं विचारलं. मी म्हटलं, ह्या माणसाचं मी देणं लागतो. ते म्हणाले, आणि तुझ्या फळीवरून पडला तर?

"तो गुडघा मोडके आया, तो मेरा व्हिसा खलास करो."

"खलास करेगा," मालक म्हणाले. ते शब्दाचे पक्के होते.

डॉक्टरांना मी ढकललं नाही. पहिल्यांदाच कोणाला ढकललं नाही. बुटक्या स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, हात न टेकता उठा. गुडघ्याला त्रास न होता त्यांचे पाय जिथे आणि ज्या कोनात पडले, तिथे खडूने खुणा केल्या. उठताना आधी डावा पाय सरकला. तो पुढचा. खुणा फळीवर उतरवल्या आणि पट्टे दोन बोटं मागे घेतले. धार दोन्ही टोकांकडे थोडी बोथट केली, अडकू नये म्हणून. मेण दोनदा चढवलं. त्या कामाला दुपार गेली.

त्यांनी सवयीने विचारलं, "बोट कसं आहे?"

म्हटलं, आहे.

पुढचे दहा दिवस निक रोज सकाळी विचारायचा, "काका, तिकीट काढलं?" मी पुढची फळी टेबलावर ओढायचो. चंदूला म्हटलं, तिकडे बर्फ पडला की नाही ते टीव्हीवर बघ. तो म्हणाला, तुम्हाला कधीपासून बर्फाची पडली? कडांची धार जास्त बोथट केली का, पट्टे दोनऐवजी दीड बोट मागे हवे होते का, हेच डोक्यात. हातात कानस असायची आणि डोळ्यांसमोर गुडघा.

अकराव्या दिवशी डॉक्टर आले. निक पुढे झाला. मालक आपल्या खुर्चीतून बघत होते. डॉक्टर दोघांना ओलांडून सरळ मागे वर्कशॉपमध्ये आले आणि फळी माझ्या टेबलावर ठेवली. एका कडेला ओरखडा होता.

"दगड होता," ते म्हणाले. "चार दिवस उतरलो. कुठे एकदा पडलो, हसलो, उठलो. काल घराचा जिना चढलो आणि वर गेल्यावर लक्षात आलं, गुडघा आठवलाच नाही."

मी ओरखड्यावर कानस लावली.

"आणि मेस्त्री, तुमचं बोट?"

मला हाताकडे पाहावं लागलं.

डॉक्टरांनी ते पाहिलं. कड घासून होईपर्यंत थांबले. मग फळी काखेत मारली.

"फी पोचली," म्हणाले, आणि गेले.