दुसरी पास मॅडम

"असंच असतं" असं म्हणून माझ्या बायकोसमोरून कुणी सुटलेलं मी पाहिलं नाही. गॅसवाला एकदा म्हणाला, टाकी यायला चार दिवस लागतात, असंच असतं. हिनं त्याला ओट्यावर बसवलं, हातात चहा दिला आणि चारही दिवस टाकी कुठं कुठं असते ते एकेक दिवस धरून विचारलं. अर्धा चहा टाकून तो पळाला. दुसऱ्या दिवशी टाकी आली.

शाळा तिची दुसरीपर्यंत. पुढं बापाच्या मेंढरांमागं हिंडली. तरी हर्सूलच्या आमच्या गल्लीत तिला सगळे मॅडम म्हणायचे, आणि ते नाव तिला विद्यापीठाच्या गणितानं मिळालं. मी स्वतः चौथी शिकलो आणि जन्मभर रिक्षा चालवली. त्यामुळे पुढं गणिताचं काही चुकलं तर दोष माझा, तिचा नाही.

आमच्या वरच्या खोलीत रेणुका नावाची पोरगी भाड्यानं राहायची. पैठणकडची, बीएस्सीला होती. डिफरन्शियल इक्वेशन नावाचा तिचा एक विषय दोनदा राहिला होता. बाप मेंढपाळ, भला माणूस, पण त्यानं फोनवर सरळ सांगितलं होतं, "पोरी, तिसऱ्यांदा बी नाय निघाला तर घरी ये. मेंढरं कुणाला नापास करत नायत."

पोरगी जिन्यात बसून रडत होती. हिनं विचारलं, काय झालं.

"काकू, सगळं पाठ हाय, पण पेपरात आठवत नाय."

"पाठ कशाला केलंस? समजलं नव्हतं का?"

"सर म्हणतात, हे उघडच आहे, आन् पुढं जातात."

झालं. "उघडच आहे" म्हणजे "असंच असतं"चंच शिकलेलं भावंड. हिनं लसणाची परडी पुढ्यात ओढली आणि म्हणाली, "उघड हाय ना? मग मला सांग."

त्या दिवसापासून दुपारचा चहा झाला की आमच्या स्वयंपाकघरात विद्यापीठ भरायचं. रेणुका कोळशानं फरशीवर लिहायची आणि ही लसूण सोलत, नाहीतर शेंगा फोडत ऐकायची. नियम एकच. जे हिला कळलं नाही ते पोरीला येत नाही असं समजायचं. पहिले चार दिवस पोरगी एका ओळीच्या पुढं गेली नाही. मी म्हणालो, "अगं, तिची परीक्षा हाय, तुझी नाय." तर मला म्हणाली, "तुम्ही दळण आणा."

एकदा मेंढरांचं गणित निघालं. मेंढरं जितकी जास्त, तितकी त्यांची वाढ जास्त, असं काहीतरी. रेणुकानं झरझर उत्तर काढलं. हिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् लांडगा?"

"लांडगा नाय यात, काकू."

"रोगराई? मेंढे इकले ते?"

"ते बी नाय."

"मग ही कोणत्या गावची मेंढरं म्हणायची?"

आठ दिवसांनी पोरगी पुस्तक घेऊन जिन्यावरून ओरडतच खाली आली, "मॅडम! मॅडम! पुढच्या धड्यात लांडगा आला!" तिथून मॅडम हे नाव पडलं. लांडगा आल्याचा आनंद झालेलं धनगराचं घर मी पहिल्यांदा पाहिलं.

मॅडमचं खरं वैर होतं सी या अक्षराशी. उत्तर काढलं की रेणुका शेवटी अधिक सी असं लिहायची, आणि पेपरात नेमका तोच विसरायची. ही म्हणाली, "हा कोण? बोलावलं नाय, चालवलं नाय, शेवटी येऊन बसला." पोरगी डोकं खाजवत म्हणाली, "मॅडम, इक्वेशन फक्त कसं बदलतंय ते सांगतं. सुरुवात कुठून झाली ते सांगत नाय. ती सीमध्ये असते." ही म्हणाली, "म्हणजे बस कोणत्या वेगानं चालली ते कळलं, पण बसलो पैठणला का चिकलठाण्याला ते कुणी सांगावं? बरोबर हाय. राहू दे त्याला." पण पोरगी विसरली की खालून आवाज यायचा, "सी जेवला का?"

आता माझी फजिती सांगतो, कारण नाही सांगितली तर खोटं लिहिल्यासारखं होईल. आमच्या घरात लग्न झाल्यापासून एक भांडण होतं. ही आंघोळीचं कडक पाणी बादलीत ओतायची आणि लगेच गार पाण्याचं विसण घालून ठेवायची. मी गल्लीत कुणाशी तरी बोलत उभा, यायला उशीर. माझं म्हणणं, पाणी कडकच ठेव, विसण मी आल्यावर घालीन, म्हणजे गरम राहील. तिचं म्हणणं, "कडक पाणी घाईनं निवतं, कोमट दमानं निवतं. विसण आधीच बरं." यावरून आम्ही किती थंडीच्या सकाळी नासवल्या असतील.

आणि रेणुकाच्या पुस्तकात गरम वस्तू निवण्याचं गणित निघालं! पोरीनं फरशीभर आकडेमोड केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, मॅडमचं बरोबर हाय."

"विद्यापीठात लिहिलंय," ही म्हणाली.

"विद्यापीठाला आंघोळ कोण घालतं?" मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी अंगणात दोन बादल्या मांडल्या. एकीत विसण आधी, दुसरीत नंतर. शेजारीपाजारी कोपर बुडवून बघायला आले. जास्त गरम कोणती निघाली ते मी सांगणार नाही. तुम्ही घरी करून बघा.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात मॅडमलाच ताप भरला आणि छातीत कफ झाला. दवाखान्यात ठेवली. रेणुका वही घेऊन खाटेजवळ बसायची. मी म्हणालो, आता तरी सोड. तर हिनंच हातानं खूण केली, चालू दे. नाकातोंडावर मास्क होता. पोरीनं एक गणित संपवलं. हिनं मास्क वर उचलला आणि दमून विचारलं, "सी?" नर्स धावत आली आणि रागावली. पोरीनं मान खाली घालून सी लिहिला.

तिसऱ्या दिवशी पोरीनं असंच एक गणित सांगितलं आणि थांबली. हिनं काही विचारलं नाही. पोरगी म्हणाली, "मॅडम, विचारा ना." डोळे मिटलेलेच. दुपारी ही गेली.

आम्हाला लेकरू नाही. राख सावडायला तिचा भाऊ आणि गावाकडची माणसं सकाळी नऊला घाटावर येणार होती. आणि त्याच दिवशी दहाला रेणुकाचा पेपर. पोरगी पांढरी ओढणी घेऊन ओट्यावर बसलेली. म्हणाली, "मी नाय जात. पुढच्या वेळी बघू."

"पुढची वेळ तुझ्या बापानं ठेवली हाय का?"

"मॅडम नायत, काका. मला काहीच आठवत नाय."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "तीन महिने माझं दळण, माझा चहा, माझी आंघोळ खोळंबवून तिनं हे केलं. ऊठ. रिक्षात बस."

बसली. परीक्षेच्या दारात सोडलं आणि मला वाटलं, मी हललो की ही पोरगी मागून पळून येईल. म्हणून समोरच रिक्षा लावून दोन तास बसलो. फोन सारखा वाजत होता. उचलला नाही.

बारा वाजता पोरं बाहेर आली, त्यात रेणुका शेवटची. मी विचारलं, "जमलं का?"

"एक सोडून सगळी, काका." आणि मग रिक्षात बसल्यावर तिचं तोंड जे सुटलं ते बंद होईना. कोणता प्रश्न कसा आला, तिनं कसा सोडवला, जो राहिला तो का राहिला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. मी गाडी हळू घेतली, एवढंच. महिन्यानं निकाल आला तेव्हा ती पास झाल्याचं कळलं, पन्नासात एकतीस. त्या दुपारी ते कुणालाच माहीत नव्हतं.

घाटावर पोचलो तेव्हा माणसं उन्हात ताटकळून तांबडी झाली होती. तिचा भाऊ चार पावलं पुढं आला.

"दाजी, काय माणूस हाव का कोण तुम्ही? नवापासून हुभे हाव सगळे. कुठं होता?"

"पेपर होता."

"पेपर? आज? कुणाचा?"

"तुझ्या बहिणीचा," मी म्हणालो आणि चपला काढल्या.