घोडं उभं असताना

आमच्या रायडिंग क्लबात घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार मामा वर्षानुवर्षं आमच्याबरोबर स्पर्धांना आले, पण आमची एकही उडी त्यांनी कधी पाहिली नाही. तिकडे टाळ्या वाजत आणि मामा मैदानाकडे पाठ करून घोड्यांच्या ट्रकपाशी बसलेले असत. "उडी मारताना घोडं समदीच बघत्यात. नुसतं उभं असताना कोण बघतंय?" असं विचारत. आम्ही हसायचो. घोड्याचा जीव उडीपेक्षा पार्किंगमध्ये जास्त धोक्यात असतो, हे आम्हा चकचकीत बूटवाल्यांना कुठलं कळायला.

ट्रकच्या लोखंडी कडीला ते दोर थेट बांधत नसत. कडीत आधी सुतळीचा फास आणि दोर त्या सुतळीला. घोडा बिथरून मागं हटला तर सुतळी तुटावी, मान मोडू नये, एवढंच. फोटोत गबाळं दिसतं म्हणून एकदा क्लबाच्या सेक्रेटरींनी सुतळ्या काढून साखळ्या लावल्या. मामांनी त्या सोडवून त्यांच्या हातात दिल्या. "सायेब, ह्या तुमच्या फाटकाला लावा," म्हणाले. सेक्रेटरींनी ते लक्षात ठेवलं असणार.

त्या एप्रिलमधली स्पर्धा आठवली की माझं डोकं अजून तापतं. मैदानाकडेला झाडांची लांबलचक रांग होती आणि ती सगळी सावली पाहुण्यांच्या गाड्यांसाठी राखलेली. घोड्यांचे ट्रक उन्हात, एकाला एक चिकटून, मागचे फाळके बंद. उघडे फाळके म्हणे शोभत नाहीत. गाड्यांच्या सीटा तापू नयेत म्हणून जिवंत जनावरं पत्र्याच्या डब्यात भाजायची, आणि वर भाषणात अश्वप्रेमाच्या गप्पा हाणायच्या.

दुपारी मामांनी ट्रकच्या फटीतून माझ्या घोडीच्या, मैनेच्या मानेवरून हात फिरवला आणि त्यांचा चेहरा उतरला. "घाम थांबलाय हिचा." उन्हात धापा टाकणाऱ्या घोड्याचा घाम आटला की तो कोसळायला वेळ लागत नाही. फाळका उघडायला गेलो तर शिट्टीवाला स्वयंसेवक आडवा आला. "पावणं, जरा पत्र्याला हात लावा की. मग सांगा मला," मामा म्हणाले. त्यानं हात लावला नाही. मामांनी फाळका पाडला, मैनेला उतरवून थेट मुख्य पाहुण्यांच्या गाडीशेजारी सावलीत नेलं. मी बादल्या आणत होते, ते तिच्या अंगावर ओतत होते. मैनेनं एकदा लाथ झाडली आणि गाडीचं दार चेपलं.

सेक्रेटरी धावत आले. घोडी कशी आहे, हे त्यांनी विचारलंही नाही. दारावरून हात फिरवला, ड्रायव्हरची माफी मागितली, मग माझ्याकडे वळले. "घोडी कुणाला विचारून उतरवली?"

मला विचारून, एवढंच म्हणायचं होतं. बादली माझ्याच हातात होती. मी म्हणाले, "मला माहीत नाही, सर." तेव्हा मी सतरा वर्षांची होते, ही सबब मी स्वतःला खूपदा दिली आहे. ती पुरत नाही. मामांना तिथल्या तिथे उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं गेलं.

मामा मैनेच्या अंगावर पाणी ओतत राहिले. तेवढ्यात लाउडस्पीकरवर माझं नाव पुकारलं. सकाळच्या फेरीत माझा दुसरा नंबर आला होता. मी घुटमळले. "जा बाळ. मी हाय हितं," मामा म्हणाले.

मी गेले. ज्यांची गाडी सावलीत होती त्यांच्याच हातून पदक घेतलं, फोटोसाठी हसलेसुद्धा. परत आले तेव्हा मैनेला पुन्हा घाम फुटला होता, आणि कामावरून काढलेला माणूस तिचा दोर धरून उभा होता.